तांब्याची अखंड गोळी आणि मॅग्नम रायफल: ठाणे-नवी मुंबईतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यात किंवा नवी मुंबईत घरी बसून काडतुसं भरणारं कोणी नाही, आणि नसावंच. त्याचं कायदेशीर कारण पुढे येईल. तरी प्रश्न येत राहतात. कोणाचा जावई मोंटानात हरणाच्या सीझनची वाट बघत असतो, कोणाचा भाऊ न्यूझीलंडला स्थायिक झालाय, कोणाला आजोबांची .३१५ रायफल वारशाने मिळालीय आणि इंटरनेटवर अर्धवट वाचून डोक्यात गोंधळ झालाय. पावडरची मापं इथे मिळणार नाहीत. ती फक्त गोळी बनवणाऱ्या कंपनीच्या ताज्या पुस्तकातून घ्यायची असतात, व्हॉट्सॲपवरून नव्हे. पण तांब्याची गोळी शिशाच्या गोळीपेक्षा वेगळी का वागते, हे समजून घ्यायला हरकत नाही. ते समजलं की बाकीच्या बऱ्याच शंका आपोआप मिटतात.

अखंड तांब्याची गोळी म्हणजे नेमकं काय?

आधी एक खुलासा. इथे ‘गोळी’ म्हणजे नळीतून बाहेर पडणारा धातूचा तुकडा, आणि ‘काडतूस’ म्हणजे पितळी पुंगळी, प्रायमर (पावडर पेटवणारी बुडाशी बसवलेली टोपी), पावडर आणि गोळी मिळून झालेला संपूर्ण नग. नेहमीच्या शिकारी गोळीत आत शिसं असतं आणि बाहेरून तांब्याच्या मिश्रधातूचं पातळ कवच. अखंड गोळीत गाभा-कवच असा भेदच नाही. ती पूर्ण तांब्याच्या दांड्यातून घडवलेली किंवा कोरलेली असते. नाकात एक पोकळी ठेवलेली असते. जनावरात शिरल्यावर त्या पोकळीत दाब चढतो आणि नाक बहुधा चार पाकळ्यांत उलगडतं. मागचा दांडा शाबूत राहतो.

अमेरिकेतल्या बार्न्स कंपनीने १९८९ साली आणलेली एक्स-बुलेट ही या प्रकारातली पहिली गाजलेली गोळी. कंपनीचे मालक रँडी ब्रूक्स यांची ती कल्पना. आता हॉर्नडी, नॉस्लर, फिनलंडची लापुआ अशा सगळ्यांच्या अखंड गोळ्या बाजारात आहेत.

चांगलं चाललं होतं, मग शिसं सोडलं का?

दोन कारणं. एक शिकाऱ्याच्या सोयीचं, एक गिधाडांचं.

मॅग्नमच्या, म्हणजे जास्त पावडरच्या काडतुसाच्या, वेगाने जवळच्या जनावरावर आदळली की शिशाची गोळी फुटते, वजनाचा मोठा हिस्सा वाटेतच सांडते आणि कधीकधी पुरेशी आत जात नाही. तांब्याची गोळी जवळजवळ सगळं वजन शेवटपर्यंत धरून ठेवते.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. फुटलेल्या शिशाचे बारीक कण जनावराच्या आतड्यांत आणि मांसात पसरतात. शिकारी मांस काढून नेतो, आतडी जंगलात टाकतो, ती पक्षी खातात. कॅलिफोर्नियाचा काँडोर हा प्रचंड गिधाडवर्गीय पक्षी १९८२ साली जगात फक्त २२ उरला होता. १९८७ मध्ये रानातले शेवटचे काँडोर पकडून बंदिस्त प्रजननासाठी नेले. पुढे पिल्लं सोडायला सुरुवात झाली, तरी शिशाची विषबाधा त्यांचा पिच्छा सोडेना. शेवटी कॅलिफोर्नियाने २०१३ मध्ये कायदा केला आणि १ जुलै २०१९ पासून राज्यात शिकारीसाठी शिशाची गोळी पूर्ण बंद झाली. युरोपीय संघात पाणथळ जागी शिशाचे छर्रे फेब्रुवारी २०२३ पासून बंद आहेत.

आपल्याकडची गिधाडं गेली ती शिशाने नव्हे, गुरांना टोचल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅकने. त्या औषधावर जनावरांसाठी २००६ साली बंदी आली. ही दोन प्रकरणं एकमेकांत मिसळून सांगणारे भेटतात, म्हणून नोंदवून ठेवलं.

मॅग्नम म्हणजे फक्त मोठा बार का?

साधारण तसंच. त्याच व्यासाच्या गोळीमागे मोठी पुंगळी, जास्त पावडर, जास्त वेग. ७ मिमी रेमिंग्टन मॅग्नम १९६२ ची, .३०० विंचेस्टर मॅग्नम १९६३ ची, आणि दोघींचं मूळ घराणं १९१२ च्या .३७५ हॉलंड अँड हॉलंडचं. .३०० विन मॅगमध्ये १८० ग्रेनची, म्हणजे साडेअकरा ग्रॅमच्या आसपासची, गोळी सेकंदाला २,९०० फुटांच्या वर पळते.

दाबाची कल्पना हवी असेल तर अशी करा. घोडबंदर रोडच्या पंपावर आपण गाडीच्या चाकात ३२ पीएसआय हवा भरतो. .३०० विन मॅगच्या चेंबरमध्ये, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या जागी, अमेरिकी मानकाप्रमाणे कमाल सरासरी दाब ६४,००० पीएसआय, चाकातल्या हवेच्या दोन हजार पट. तोही गालापासून वीतभर अंतरावर.

जावई म्हणतो, “आधी १८० ग्रेनची शिशाची होती, आता १८० ग्रेनचीच तांब्याची घेतो.” बरोबर आहे?

चूक नाही, पण बहुतेक अनुभवी लोक तसं करत नाहीत. सगळं प्रकरण इथूनच सुरू होतं.

शिशाची घनता ११.३४, तांब्याची ८.९६. म्हणजे तेवढ्याच जागेत शिसं सव्वापटीहून थोडं जास्त भरतं. व्यास बदलता येत नाही, तो नळीने ठरवून दिलेला. मग तेच वजन तांब्यात हवं असेल तर गोळी लांबच करावी लागते. ही वाढीव लांबी पुंगळीत पावडरची जागा खाते, आट्यांच्या (नळीत आतून कोरलेल्या वळणदार खाचांच्या) पिळाकडून जास्त फिरकी मागते आणि नळीत घर्षणाचा पट्टा वाढवते.

म्हणून शिशात १८० ग्रेन वापरणारा माणूस तांब्यात १६५ किंवा १६८ वर येतो, कित्येकदा १५० वरही. हलकी गोळी जास्त वेगात जाते, तांब्याला वेग मानवतो, आणि वजन वाटेत सांडत नसल्याने जनावरात शिरताना हलकेपणाचा तोटा जाणवत नाही. शिशाच्या काळातला “जड तेवढी चांगली” हा हिशोब इथे सोडून द्यावा लागतो, आणि जुन्या लोकांना तोच सोडवत नाही.

शिशाच्या गोळीसाठी छापलेलं पावडरचं माप तांब्याला चालेल का? वजन तर तेच आहे.

नाही. या पानावरचं एकच उत्तर लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा.

शिसं मऊ. पातळ कवचातून ते आट्यांच्या खाचांत सहज दबतं. अखंड तांबं तसं दबत नाही, खाचांत शिरायला जास्त जोर मागतं. पावडर पेटल्यावर पहिल्या क्षणी गोळी अडली की मागे दाब चढतो, दाब चढला की पावडर आणखी वेगाने जळते, आणि त्याने दाब आणखी चढतो. त्यात लांब गोळी पुंगळीत खोल बसलेली, म्हणजे जळायला जागा आधीच कमी.

.३०० विन मॅगमध्ये याची आणखी एक गंमत आहे. तिच्या पुंगळीचा गळा, म्हणजे गोळीला धरून ठेवणारं तोंड, फक्त .२६४ इंच लांब, गोळीच्या .३०८ इंच व्यासापेक्षाही आखूड. काडतुसाची एकूण लांबी ३.३४० इंचांच्या आत ठेवायची, कारण मॅगझिन तेवढंच. मग लांब तांब्याची गोळी गळा ओलांडून थेट पावडरच्या कोठ्यात उतरते.

म्हणून ज्या कंपनीची गोळी, त्याच कंपनीचं, त्याच मॉडेलचं माप. एका कंपनीच्या तांब्याच्या गोळीचं माप दुसरीच्या तांब्याच्या गोळीलाही लावू नये. कोणाच्या अंगावरच्या खाचा खोल, कोणाच्या उथळ, कोणाचा मिश्रधातू निराळा. आणि पुस्तकातल्या सर्वांत वरच्या आकड्यापासून कधीही सुरुवात नाही. खालून चढायचं, थोडं थोडं.

या गोळ्यांवर गोल खाचा कशासाठी कोरलेल्या असतात?

वरच्याच दुखण्यावरचा इलाज. पहिल्या एक्स-बुलेटचं अंग गुळगुळीत होतं. दाब लहरी असायचा आणि नळीत तांबं लेपून बसायचं. २००३ मध्ये आलेल्या बार्न्सच्याच ट्रिपल-शॉक गोळीवर कडी-कडीने खाचा आल्या. आट्यांनी बाजूला सारलेल्या तांब्याला सरकायला जागा मिळाली, घासणारा पट्टा कमी झाला, गोळ्याही एका जागी पडू लागल्या. तांब्याच्या गोळ्यांबद्दल आजही जी नाराजी ऐकू येते, तिच्यातली बरीचशी २००३ च्या आधीची आहे.

गोळी आट्यांना टेकवून बसवली तर नेम सुधारतो म्हणतात. खरं?

शिशाच्या गोळीने लक्ष्यभेद करणारे बरेच जण तसं करतात. तांब्याच्या गोळीला मात्र आट्यांत शिरण्याआधी मोकळी झेप हवी. सुरुवात म्हणून .०५० इंचाच्या आसपासचं अंतर सांगितलं जातं, काही नळ्यांना त्याहून जास्त आवडतं. टेकवून बसवली तर स्थिर गोळीला एकदम आट्यांत घुसावं लागतं आणि सुरुवातीचा दाब उसळतो. इथे नेम सुधारायचा तो पावडर वाढवून नव्हे, हे अंतर बदलून, आणि तेही पुस्तकाने दिलेल्या लांबीच्या मर्यादेत.

पीळ म्हणजे काय? जुनी रायफल असेल तर अडचण येते का?

नळीतले आटे किती इंचांत एक पूर्ण फेरा घेतात, तो पीळ. .३०० विन मॅगमध्ये बहुधा १० इंचांत एक. गोळी हवेत स्थिर राहण्यासाठी किती पीळ लागेल हे वजनापेक्षा लांबीवर जास्त ठरतं, आणि तांब्याची गोळी लांब. पीळ अपुरा पडला तर कागदावर गोल भोक पडण्याऐवजी लांबट पडतं. तसं दिसलं की वाद न घालता हलकी, आखूड गोळी घ्यायची. बऱ्याच कंपन्या गोळीच्या डब्यावर किमान पीळ छापतात.

मॅग्नमच्या पुंगळीला बुडाशी पट्टा असतो तो मजबुतीसाठी का?

दिसायला तसं वाटतं, पण नाही. १९१२ च्या .३७५ हॉलंडची पुंगळी निमुळती आणि खांदा, म्हणजे गळ्याकडे अरुंद होत जाणारा भाग, अगदी पुसट. चेंबरमध्ये काडतूस कुठे थांबायचं, हे खांदा सांगू शकत नव्हता, म्हणून पट्टा दिला. पुढच्या मॅग्नमांना चांगला ठळक खांदा आला तरी पट्टा राहिला.

पुन्हा भरताना याचा त्रास होतो. पट्ट्यावर टेकलेली नवी पुंगळी पहिल्या बारात पुढे ताणली जाते. भरणाऱ्याने दर वेळी खांदा मागे ढकलून तिला मूळ मापावर आणलं की दर बाराला पुन्हा ताण, आणि पट्ट्याच्या जरा पुढे पितळ पातळ होत शेवटी पुंगळी तिथेच तुटते. जाणकार पहिल्या बारानंतर खांद्याला फक्त बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा दांडा) बंद होईल एवढंच मागे ढकलतात. बाहेरून त्या जागी चकाकती कडी दिसू लागली की ती पुंगळी भंगारात.

दाब जास्त झाला हे कळतं कसं?

प्रायमर चपटा होणं, पुंगळीच्या बुडावर चकाकता ठसा उमटणं, बोल्ट उचलताना जड लागणं. पण ही चिन्हं उशिरा दिसतात. बोल्ट जड लागेपर्यंत दाब मर्यादेच्या बराच पुढे गेलेला असू शकतो. त्यापेक्षा वेग मोजणारं क्रोनोग्राफ खरं बोलतं. पुस्तकात दिलेल्या कमाल वेगापेक्षा तुमचा वेग जास्त आला, तर ती नळी फार गुणी आहे असं नसतं. दाब जास्त आहे. फुकटचा वेग मिळत नाही.

तांब्याची गोळी लांबवर उघडत नाही, सुईसारखी आरपार जाते, हा आरोप कितपत खरा?

अर्धा खरा. पाकळ्या उलगडायला किमान वेग लागतो. गोळीगणिक तो साधारण १,८०० ते २,००० फूट दर सेकंद सांगितला जातो. त्याखाली वेग उतरला की ती नीट उघडेलच असं नाही. मग जखम अरुंद होते, जनावर दूरवर पळतं आणि हाल होऊन मरतं. मॅग्नमला इथे फायदा मिळतो, कारण वेगाची शिल्लक दूरवर टिकते. प्लास्टिकचं टोक बसवलेल्या गोळ्या उघडायलाही जरा मदत करतात. पण प्रत्येक गोळीचं एक अंतर ठरतं, त्यापलीकडे बार टाकायचा नाही. शिशात हे अंतर जास्त सैल होतं, एवढं तांब्याच्या चाहत्यांनी मान्य करायला हवं.

नळी साफ करताना काही वेगळं?

कापडाची चिंधी निळसर-हिरवी येत राहील तोवर तांबं निघतंय असं समजायचं. अमोनियायुक्त द्रावण चालतं, पण लेबलवर लिहिलंय त्यापेक्षा जास्त वेळ नळीत सोडू नये. शिशाच्या गोळ्यांवरून तांब्यावर जाताना नळी एकदा उघड्या पोलादापर्यंत स्वच्छ करावी, नाहीतर पहिले काही बार विखुरतात आणि दोष उगाच गोळीला लागतो.

ठीक. आता खरं सांगा, परवाना असेल तर ठाण्यात घरी काडतूस भरता येईल का?

नाही. शस्त्र बाळगण्याचा परवाना वेगळा आणि दारूगोळा बनवण्याचा परवाना वेगळा. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ नुसार विनापरवाना दारूगोळा बनवणं गुन्हा आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान सात वर्षं, कमाल जन्मठेप अशी शिक्षा आहे. घोडबंदरच्या टॉवरमधला फ्लॅट असो की खारघरचा बंगला, फरक पडत नाही.

याच दुरुस्तीने एका व्यक्तीकडच्या शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली. परवान्याविषयी काहीही शंका असेल तर ठाणे किंवा नवी मुंबई पोलीस आयुक्तालयाच्या परवाना शाखेत विचारा. आयुक्तालय हद्दीत परवाना तिथूनच मिळतो, जिल्हाधिकारी कार्यालयातून नाही. दुकानदाराचा किंवा मित्राचा शब्द तिथे चालत नाही.

भाऊ अमेरिकेहून येताना दोन-चार तांब्याच्या गोळ्या ‘शोपीस’ म्हणून आणतो म्हणतोय. त्यात पावडरही नाही.

त्याला आजच फोन करा आणि नको म्हणून सांगा. कायद्यातल्या दारूगोळ्याच्या व्याख्येत दारूगोळ्याचे सुटे भाग आणि तो बनवायची यंत्रंसुद्धा येतात. म्हणजे नुसती गोळी, रिकामी पुंगळी, भरण्याचं प्रेस, सगळंच. आयातीला वेगळा परवाना लागतो. विमानतळावर क्ष-किरणात एक पुंगळी जरी दिसली तरी सामान बाजूला, जबाब, आणि पुढे कोर्टाच्या फेऱ्या. “मला माहीतच नव्हतं” हा बचाव कोर्टात टिकू शकतो, पण तिथवर पोचायला वकील लागतो. शिकारीच्या जॅकेटचे आणि रेंजवर नेलेल्या सॅकचे कप्पे निघण्याआधी उलटे करून झटकायला सांगा. अडकणाऱ्यांत बरेचसे असेच विसरलेल्या एका नगापायी अडकतात.

भारतात ही गोळी शिकारीला वापरणं कधी शक्य होईल?

शिकारच बंद आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या कलम ९ ने. येऊरचं जंगल तर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग, तिथे बंदूक घेऊन जाण्याचा विचारसुद्धा करू नका. पिकांची नासधूस करणाऱ्या रानडुकराबाबत वन अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीची तरतूद आहे, पण ती शेतकऱ्याच्या संरक्षणासाठी, हौसेसाठी नाही. शहापूर-मुरबाडकडे जमीन असलेल्यांनी याबाबत वनपरिक्षेत्र कार्यालयात जावं.

आजोबांच्या .३१५ ला तांब्याची गोळी मिळेल का? आणि चामडी पट्ट्यातली जुनी काडतुसं हिरवी पडलीयत.

.३१५ साठी आपल्या आयुध निर्माणीचं काडतूस येतं ते शिशाच्या मऊ नाकाचं. तेच वापरायचं. ही रायफल मॅग्नम नाही, तिच्यावर नवे प्रयोग नकोत.

हिरवेपणा चामड्याचा. कमावताना राहिलेली आम्लं पितळाशी झोंबतात आणि आपल्या पावसाळ्यातली दमट हवा त्यात भर घालते. काडतुसं पट्ट्यात ठेवू नयेत, कोरड्या डब्यात ठेवावीत. हिरवी पडलेली घासून चकचकीत करून उडवण्याचा मोह टाळा. पितळ आतून किती खाल्लंय ते बाहेरून दिसत नाही. परवान्यावर नोंद असलेली काडतुसं कचऱ्यात किंवा खाडीत टाकायची नाहीत, परवानाधारक विक्रेत्याकडे किंवा पोलीस ठाण्यात रीतसर जमा करायची.

रेंजवर सरावाला तांब्याच्या गोळ्या चालतील?

ऑलिंपिक प्रकारांत नाही. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाचा नियम शिसं किंवा तत्सम मऊ धातूचीच गोळी मान्य करतो. कारणही सरळ आहे. कठीण गोळी फुटत नाही, उसळली तर पूर्ण वजनाने उसळते.

उलट रेंजवरच्या शिशाची काळजी मात्र घ्यायला हवी, विशेषतः बंदिस्त हॉलमध्ये आणि मुलांच्या बाबतीत. पेलेट (एअरगनचे शिशाचे छर्रे) तोंडात धरायचे नाहीत, सरावानंतर साबणाने हात धुतल्याशिवाय डबा उघडायचा नाही, खाली सांडलेली धूळ कोरड्या झाडूने उडवायची नाही. वडापाव नंतर.

मुलीला नेमबाजी शिकायचीय. सुरुवात कुठून?

१० मीटर एअर रायफलपासून. .१७७ बोअरची आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जेची एअरगन परवान्याशिवाय घेता येते, पण विक्रेता ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा मागतो, तो द्यायचा. पनवेलला ऑलिंपियन सुमा शिरूर यांचा लक्ष्य शूटिंग क्लब आहे. नवी मुंबईकरांना तो जवळ, ठाणेकरांना मात्र प्रवास धरून दिवसाचं वेळापत्रक आखावं लागतं. स्वतःची रायफल पहिल्याच महिन्यात घेऊ नका. उभं राहण्याची ढब बसली आणि मुलीची उंची जरा स्थिरावली, की प्रशिक्षकाला विचारून मगच घ्या.